अर्धाच कौल

दोन वर्षं माझं हृदय मनाला येईल तसं धडधडत होतं. ठोके असे चुकले की वरच्या कप्प्यात रक्त साचतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की माणूस लुळा पडतो, असं डॉक्टरांनी समजावलं. मला समजावायची गरज नव्हती. माझ्या थोरल्या भावाचं तेच झालं. भजनात सगळ्यांच्या वर आवाज लावणारा माणूस. आता पेज हवी असली तरी 'बा' म्हणतो आणि नको असली तरी 'बा'. मला मरणाची तेवढी भीती नाही, त्या 'बा'ची आहे. मी निवृत्त मास्तर. बोलणं काढून घेतलं तर माझ्यात उरतं काय?

रक्त पातळ करायची गोळी सुरू केली तर पोटात रक्तस्राव झाला, एकदा नव्हे, दोनदा. तेव्हा डॉक्टरांनी एकाच खेपेला दोन कामं सुचवली. जांघेतल्या शिरेतून नळी घालून हृदयातल्या चुकार जागा जाळायच्या, आणि जिथे गुठळ्या होतात ती लहानशी पिशवी झाकण बसवून बंद करायची.

आमच्या मसुऱ्यात देवाला विचारल्याशिवाय विहिरीवर पंपही बसत नाही. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली की होकार. प्रश्न लिहून द्यायचं काम मी अर्थातच दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. मुद्देसूद लिहिलं: हृदयातल्या जागा जाळाव्यात की नाही? उजवी पडली. आम्ही बॅगा भरून कोल्हापूर गाठलं.

ऑपरेशनच्या सकाळी बायकोने संमतीपत्र वाचलं. वर्तमानपत्र उघडून न बघणारी बाई, नेमकं तेच वाचलं. त्यात कामं दोन होती आणि देवाकडे आम्ही एकच नेलं होतं. झाकणाचं मी साफ विसरलो होतो. जन्मभर पोरांच्या अर्धवट उत्तरांना शून्य दिलं आणि स्वतः देवापुढे अर्धा प्रश्न ठेवला, हे तिने सगळ्या वॉर्डाला ऐकवलं. मी स्वतःला विज्ञानाचा माणूस म्हणवतो, पण सहीला हात पुढे होईना.

मग गुरवाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने नवा कौल लावला आणि फोन समईला टेकवून ठेवला. इकडे सिस्टर स्ट्रेचर धरून उभ्या. डॉक्टर आले, तेही वाकून बघू लागले आणि कुठली बाजू चांगली ते त्यांनी मला हळूच विचारून घेतलं. रेंज गेली, आली. पाकळ्या जागच्या जागी. कधी कधी देव संध्याकाळपर्यंत बोलत नाही, असं गुरव म्हणाला. आज राहिलं तर पुढची तारीख महिन्यानंतरची, असं डॉक्टर म्हणाले. महिनाभरात एक गुठळी सुटायला किती वेळ लागतो, याचाच हिशेब माझ्या डोक्यात चालू झाला.

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. आवाज चढवला नाही. गुरवाला बाजूला व्हायला सांगून थेट मूर्तीलाच म्हणाली, "तू गप रवलंस, म्हणजे माकाच इचारतंस. तर आयक. माका हे बोलते-चालते होये. दोनय कामा होऊ देत."

फोन बंद करून तिने माझ्या हातात पेन दिलं. मी सही केली. इतकी वर्षं ही बाई माझी बडबड नाइलाजाने ऐकून घेते, असंच मी समजत होतो.