जागेवर न जाता लिहिलेला पंचनामा

इंटरनेटवरच्या माझ्या लेखावरची इशाऱ्याची पिवळी पट्टी उतरली त्या दिवशी मी ठाण्यात पेढे वाटले. कशाचे, असं सगळ्यांनी विचारलं. बढती झाली का, पोरीचं जमलं का? मी नुसतं 'घ्या' म्हणालो. मुळात मी कमी बोलणारा, त्यामुळे कुणी फार खोदलं नाही. आता सांगतो. सगळंच सांगतो, कारण गप्प बसूनच मी तीन वर्षं वाया घालवली.

मी पोलीस ठाण्यात रायटर आहे, म्हणजे जबाब, फिर्यादी आणि पंचनामे लिहिणारा हवालदार. हिंगोली जिल्ह्यातली चार ठाणी झाली, बावीस वर्षं झाली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी जवळा बाजारच्या रस्त्यावर एक अपघात झाला होता. त्याचा पंचनामा लिहिताना मी 'अत्यंत हृदयद्रावक दृश्य दिसले' असं लिहिलं. आमच्या जुन्या फौजदारांनी तो कागद तिथेच फाडला. म्हणाले, "तुला काय वाटलं ते घरी जाऊन बायकोला सांग. कागदाला सांगू नको."

तेव्हापासून कागदाला मी फक्त दिशा, अंतर आणि माप सांगत आलो. विहिरीतून काढलेली माणसं पाहिली, कुऱ्हाडीचे घाव पाहिले. लांबी इतकी, खोली इतकी, कपडे असे. जेवण जायचं नाही, पण 'निर्घृण' हा शब्द माझ्या हातून एकदाही उतरला नाही.

तो उतरला एका कार्टूनसाठी.

इंटरनेटवर जो मुक्त ज्ञानकोश आहे, जिथे कुणीही लिहावं आणि कुणीही दुरुस्त करावं, तिथे मी सवडीने लिहायचो. आमच्या भागातल्या गावांवर छोटे लेख. डोंगरकड्याला कुठून कसं जायचं, नरसीला मुक्कामाची सोय काय, कुठल्या गावचा बाजार कोणत्या वारी. डोक्याला ताण नाही, सवयीने हातच लिहायचा, त्यामुळे बरं वाटायचं. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

माझी लेक तेव्हा दहावीला होती. चित्रं काढायची. वह्याच्या वह्या भरायची. मोठे डोळे, उडणारे केस, हातात तलवारी. हे ती जपानी मालिकांमधून शिकली, ज्यांना पोरं ॲनिमे म्हणतात. एका रविवारी दुपारी मी तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. तिच्या कानात हेडफोन, पाठ माझ्याकडे. स्क्रीनवर बर्फ होता. वीस मिनिटं मी पाहत राहिलो, मग बर्फात एका म्हाताऱ्याचा तुटलेला हात पडला. शेजारी मुखवटा घातलेली पोरगी तलवार घेऊन उभी. मी तिथूनच मागच्या मागे फिरलो. रागावण्याची हिंमत झाली नाही, हे खरं कारण. बाप म्हणून जे तोंडावर बोलायचं ते मी ज्ञानकोशात जाऊन लिहिलं.

त्या मालिकेवर मराठीत लेख नव्हता. मी तयार केला. वाक्यं मला आजही पाठ आहेत: 'समक्ष पाहिले असता असे दिसून येते की, सदर मालिका निर्घृण हिंसेचे उदात्तीकरण करते. नायिका विनाकारण एका वृद्धाचा हात तोडते. अशा मालिकांमुळे किशोरवयीनांची मने विकृत होतात.' खाली तळटीप म्हणून वर्तमानपत्रातल्या एका लेखाचा दुवा दिला. तो लेख मोबाइलच्या वेडावर होता आणि मी त्याचं फक्त शीर्षक वाचलं होतं.

मत माझं होतं, पण भाषा पंचनाम्याची. त्यामुळे ते मत वाटलंच नाही.

दोन महिन्यांनी तिच्या शाळेत पालकांची सभा झाली. वर्गशिक्षिकांनी एक कागद काढला आणि माझी वाक्यं वाचून दाखवली. त्यांचं काहीच चुकलं नाही, त्यांनी विश्वास ठेवला. ज्ञानकोशातच लिहिलंय, असं त्या म्हणाल्या. मग ज्यांच्या मुली असली चित्रं काढतात त्यांनी लक्ष घालावं, असंही म्हणाल्या. सगळ्या बायकांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. मी तिच्या शेजारी हाताची घडी घालून बसलो होतो. तेव्हाच उठून सांगता आलं असतं.

घरी आल्यावर बायको लेकीला फार बोलली. पोरगी एवढंच म्हणाली, "पण त्यात तसं न्हाईच. ज्यानं लिवलं त्यानं बघितलंच न्हाई." मग बायकोने वह्या उचलून माझ्या हातात दिल्या, रद्दीत घाला म्हणून. दोन जाड वह्या. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी वह्या घेऊन बाहेर पडलो.

रद्दीवाल्यापर्यंत पाय गेले नाहीत. जप्त केलेली वस्तू नष्ट करायची नसते, ही सवय. मी त्या कापडात बांधल्या, लाखेचं सील लावलं, वर चिठ्ठी चिकटवली आणि माझ्या ट्रंकेत जुन्या वर्दीखाली ठेवल्या. घरात सांगितलं, दिल्या.

लेकीने त्यानंतर चित्र काढलं नाही. आदळआपट नाही, रुसवा नाही. बारावी झाली, बीकॉमला गेली. कुणी चित्रांचा विषय काढला तर 'ते लहानपणी' म्हणायची. वर्षं तीनच झाली होती.

मग यंदा त्या लेखावर पिवळी पट्टी आली. कुठल्या तरी दूरच्या संपादकाने, ज्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही, वर साचा लावला, म्हणजे ठरावीक सूचनेची पट्टी: या लेखात वैयक्तिक मते आहेत, संदर्भ मजकुराशी जुळत नाही, आठ दिवसांत सुधारणा न झाल्यास लेख वगळण्यात येईल. लेखाच्या चर्चा पानावर, जिथे लिहिणारे एकमेकांना विचारतात, मला एकच प्रश्न होता. 'मने विकृत होतात, हे कोण म्हणते?'

पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं, तेही कबूल करतो. आठ दिवस गप्प बसलो की लेख जाणार. त्यासोबत माझं नाव, कुणी काय लिहिलं त्याची नोंद, सगळं नजरेआड. आरोपीला काही न करता पुरावा नाहीसा होताना दिसावा, तसं झालं. गप्प बसणं तर मला जमतंच. दोन दिवस मी तसा बसलोही.

तिसऱ्या दिवशी लेक ओट्यावर मेथी निवडत होती. मी शेजारी बसलो आणि चार जुड्या निवडल्या. मग सांगितलं. तो लेख मी लिहिला. वीस मिनिटं पाहून लिहिला. सभेत गप्प बसलो.

तिने हातातली काडी मोडली नाही, तशीच धरून ठेवली. मग म्हणाली, "तुमी तर पंचनामे लिवता ना पप्पा?"

"व्हय."

"जागेवर न जाता लिवता का?"

मी निवडलेली जुडी टोपलीत ठेवली. ती उठली, मेथीची टोपली आत नेऊन ठेवली आणि दारातून म्हणाली, "मग आता जा जागेवर. बारा भाग हेत."

मी चार दिवसांची रजा टाकली. पंचनामा म्हटला की दोन पंच हवेत. एक शेजारचे निवृत्त कंडक्टर. दुसरा पंच मिळेना, म्हणून बायको. नातेवाईक पंच चालत नाही, पण तिला सगळं सांगितल्यावर ती आपण होऊन समोर येऊन बसली. माझ्याशी बोलत नव्हती, तरी बसली. पोरीने लॅपटॉप टीव्हीला जोडला. मी गुडघ्यावर पॅड घेतलं.

कंडक्टरसाहेबांनी पहिल्या भागातच विचारलं की ही पोरगी एवढी बर्फात फिरून राहिली तर हिला सर्दी काहून होत न्हाई. तिसऱ्या भागात चार माणसं मेली तेव्हा त्यांनी चहा मागितला. बायकोने चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, कोण मेलं आता, थांबवा जरा. पाचव्या भागात तो हात आला. आम्ही तो तीनदा मागे घेऊन पाहिला. दारातून मला दोन मुखवटे एकच दिसले होते. हात तोडणारी नायिका नव्हतीच, दुसऱ्या टोळीतली बाई होती. नायिका मागून येते आणि आपला पट्टा सोडून म्हाताऱ्याच्या दंडाला आवळून बांधते, रक्त थांबावं म्हणून. तोवर मी दारातून निघून गेलो होतो.

"साहेब," कंडक्टर मला म्हणाले, "तुमी आरोपीच भलता धरला."

बायको हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. लेक हसली नाही, पण तिने भाग पुढे सुरू केला आणि माझ्याजवळ सरकून बसली.

बारा भाग पाहून मी लेख लिहिला आणि लेकीला दाखवला. मला वाटलं होतं ती खूश होईल. 'अप्रतिम चित्रशैली', 'मानवी करुणेचा उत्कट आविष्कार', असं बरंच घातलं होतं. तिने लाल पेन मागितला आणि एकेका शब्दावर काट मारत गेली.

"हे पण तुमचंच मत हे, पप्पा. आधी शिव्या होत्या, आता माफी हे. ज्ञानकोशात माफी कशाला मागता?"

फौजदारांनी कागद फाडला होता, तिने नुसती काट मारली. मी पुन्हा बसलो. काय घडतं हे मालिका पाहून लिहिता येतं, चांगलं की वाईट हे येत नाही. ते कुणी छापून म्हटलं असेल तर त्याच्या नावानिशी लिहायचं, आणि उलट म्हणणारा असेल तर त्यालाही तेवढीच जागा द्यायची. पोरीने इंग्रजीतली दोन परीक्षणं शोधून दिली. एकाला हिंसा अनावश्यक वाटली होती, दुसऱ्याला कथेची गरज. दोन्ही घेतली. मने विकृत होण्याबद्दल या मालिकेसंदर्भात छापलेलं काहीच सापडलं नाही, ते वाक्य गेलं. 'हिंसाचित्रण' अशा मथळ्याखाली लिहिलं: 'पाचव्या भागात एका वृद्धाचा उजवा हात कोपराखाली तोडला जातो. रक्तस्राव दाखवला आहे.' पुढे एक विशेषण आलं होतं, ते लेकीच्या आधी मीच खोडलं.

चर्चा पानावर माझ्या नावाने उत्तर दिलं: 'मने विकृत होतात, हे मी म्हणत होतो. मालिका न पाहता म्हणत होतो. मजकूर काढला आहे.' बावीस वर्षांत माणसांचे कितीतरी कबुलीजबाब लिहिले, स्वतःचा हा पहिलाच.

आठव्या दिवशी सकाळी पट्टी नव्हती. संपादकाची एक ओळ होती: 'मतप्रदर्शन आढळले नाही. साचा काढत आहे.' बढतीचा आदेशसुद्धा मी इतक्या वेळा वाचला नव्हता. लेकीला बोलावलं. तिने पूर्ण लेख वरून खालपर्यंत वाचला, जणू पहिल्यांदाच, आणि म्हणाली, "लिवणाऱ्याला मालिका आवडली का न्हाई, काईच कळत न्हाई." एवढी मोठी शाबासकी मला आजवर कुणी दिलेली नाही. पेढे त्याचेच.

एक गोष्ट अजून राहिली होती. संध्याकाळी ट्रंक उघडली, जुनी वर्दी बाजूला केली आणि बांधलेलं कापड तिच्या पुढ्यात ठेवलं. ती सीलकडे बघत राहिली. आधीच का दिलं नाही, असं बायकोने विचारलं. प्रकरण निकाली निघाल्याशिवाय मुद्देमाल परत देत नाहीत, असं मी म्हणालो. ते खरं कारण नव्हतं. मला भीती वाटत होती.

तिने लाख फोडली. दोन्ही वह्या पानापानाने मोजल्या. मग माझी चिठ्ठी वाचली: वह्या दोन, पैकी कोरी पाने तीन.

"तीन न्हाई, चार हेत," ती म्हणाली. "दोन पानं चिटकली होती. पंचनामा चुकला."

मी पेन काढला, तीनचे चार केले आणि खाडाखोडीशेजारी सही केली. तिने खाली पोच म्हणून सही केली आणि वह्या उचलून खोलीत गेली. दार तिने उघडंच ठेवलं.

परवा बायको म्हणाली म्हणून मी वह्यांची पानं पुन्हा मोजून पाहिली. कोरं पान आता एकही नाही.