कोलोमाचा बदामाचा केक

कोलोमाशी माझं काही वाकडं नाही, असं मी गावात सांगत फिरते. खरं सांगू? चाळीस वर्षं मी तिच्यावर जळते आहे.

गवंड्याची ही विधवा माझ्या समोरच राहते; गाव तिला आदरानं 'मादो', म्हणजे बाई, म्हणतं. परसात तिची बदामाची झाडं तीन, माझी अकरा. पण गावच्या जत्रेत आधी फडशा पडतो तो तिच्याच केकचा. तीच अंडी, तीच साखर, तेच सालासकट दळलेले बदाम, लिंबाची किसलेली साल, चिमूटभर दालचिनी. तिचा चार बोटं फुगतो आणि माझा मधोमध बसतो. वर ही बाई कुणाला नाही म्हणत नाही. कुणी आजारी पडलं की केक, कुणी बाळंत झालं की केक. अशा चांगुलपणाचा मला फार राग येतो.

दोन वर्षांपूर्वी पाल्मा शहरातल्या डॉक्टरांनी माझ्या नातीला, नेउसला, गहू जन्मभरासाठी बंद केला; तिच्या आतड्यांना त्याचा कणही सोसत नाही म्हणाले. पाव गेला, बिस्किटं गेली. लेक रडली. सांगायला लाज वाटते, पण मी मनातून थोडी सुखावले. आमच्या बदामाच्या केकमध्ये गव्हाचा कण नसतो. आता पोरगी गोडासाठी माझ्याकडेच येणार!

आली. दर रविवारी आली. पण शनिवारी शाळेच्या बँडची तालीम झाली की कोलोमाकडेही जायची. आणि सोमवारी पोट धरून पडायची. वजन उतरत चाललं. शेवटी माझी लेक मिकेला म्हणाली, "आई, कशानं होतंय ते कळेपर्यंत कुणाचाच केक नको."

"माझ्याकडे काय बघतेस? त्या कोलोमाला विचार. पिठाशिवाय केक चार बोटं फुगतो होय? घालत असणार गुपचूप मूठभर."

"आई, काहीतरीच!"

"चल, तुझ्या डोळ्यांनी बघ."

मिकेलाला ओढतच मी रस्ता ओलांडला. नशीब बघा, कोलोमा केकच करत होती. भांड्याला आतून डुकराची चरबी फासलेली आणि वरून ती पीठ भुरभुरवत होती. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"हे बघ! पकडली! मादो कोलोमा, माझ्या नातीला विष घालतेस?"

तिनं शांतपणे भांडं पुढे केलं. "चाटून बघ, जेरोनिया."

चाटलं. बदाम होता, पिठासारखा बारीक दळलेला.

"पूर्वी गव्हाचंच भुरभुरवायचे, आपल्या आयांसारखं," ती म्हणाली. "पोरीचं कळलं त्या दिवशी भांडंसुद्धा नवं आणलं. जुन्याच्या कडांत पीठ अडकलेलं असतं ना. का गं, तू कशानं भुरभुरवतेस?"

केकमध्ये पीठ नाही, हे मी शंभरदा सांगितलं होतं. भांड्याला लावतो ते पीठ मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. साठ वर्षं हात आपोआप गव्हाच्या डब्यात जात होता. दर रविवारी माझ्या नातीला मीच आजारी पाडत होते.

मिकेला माझ्याकडे बघत होती. "आई," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी भांडं फेकलं, गव्हाचा डबा लेकीच्या हातात दिला आणि न्हाणीघरात जाऊन मनसोक्त रडले. महिनाभरानं पोरीला बरं वाटल्यावर मिकेलानं परवानगी दिली. नवं भांडं, बदामाचं भुरभुरवण. मिकेला सगळा वेळ शेजारी उभी राहिली, मी तिला एकेक डबा उघडून दाखवला. रविवारी नेउसनं दोन तुकडे खाल्ले. सोमवारी उड्या मारत शाळेत गेली, आणि जाताना दारातून ओरडली, "आजी, तुझा केक आता अगदी मादो कोलोमासारखा झालाय!"

देवाचे आभार मानले मी, मनापासून मानले. आणि कोलोमाचा चाळीस वर्षांत आला नव्हता एवढा राग मला त्या क्षणी आला.