गेटमन काका आणि आईविना पिल्लू

"न्हाई." आमच्या गेटमन काकांचं बोलणं या शब्दानं सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा तिथंच संपायचं. पूर्णेजवळच्या रेल्वे फाटकावर त्यांनी जन्मभर लोकांना थांबवलं; निवृत्त झाल्यावर घरच्यांना थांबवू लागले. मी शेजारी, भिंतीला भिंत लागून.

सून पालमकडची, शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या घरातली. मुलानं स्वतःच्या पसंतीनं केलेली. म्हणून काका तिच्याशी थेट बोलत नसत. ती समोर उभी असली तरी काकूंना म्हणत, "तिला सांग, चहात साखर लय झाली."

मग लकवा आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. महिनाभरानं एकच शब्द परत आला. कोणता, ते सांगायला नको. व्यायामाला न्हाई, काठीला न्हाई. हातात दाबायला चेंडू दिला, की काका भिंतीकडं तोंड करून पडायचे.

एकदा सून माहेराहून शेळीचं पिल्लू घेऊन आली. त्याची आई मेली होती. काकांनी चारदा नकार दिला. दुसऱ्या दिवशी ती भाकरी थापत असताना पिल्लू भुकेनं ओरडू लागलं. तिनं उठून ते सरळ काकांच्या मांडीवर ठेवलं, शेजारी दुधाची बाटली.

"मामा, धरा जरा. माझे हात पिठात हायेत."

डाव्या हातानं वळवळणारं पिल्लू सावरायचं, तर बाटलीला उजवाच उरला. बाटली दोनदा पडली. तिसऱ्यांदा बोटं वळली. मी पेपर मागायला गेलो होतो. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं, सून मात्र तव्याकडंच बघत होती. त्या दिवसापासून नेमके दूध पाजायच्या वेळी तिचे हात पिठात असायचे.

पावसाळा सरेपर्यंत काका पिल्लामागं गल्लीत चालू लागले. डॉक्टर म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. काकू म्हणाल्या, पोखर्णीचा नरसिंह पावला. मुलगा मालिशीच्या तेलाचं नाव सांगायचा. सुनेला कुणी विचारलं नाही.

एका सकाळी काका स्वयंपाकघराच्या दारात आले आणि अडखळत म्हणाले, "पोरी, दूध दे. भुकेलंय ते."

त्या दिवशी भाकरी करपली.

काका जाऊन आता वर्ष होईल. मला ते आठवतात ते सुनेच्या माहेरी निघालेले. टेम्पोवाल्यानं त्यांच्यासाठी पुढची जागा ठेवली होती. तिथं त्यांनी सुनेला बसवलं. मग मी हात देऊन त्यांना मागं चढवलं. तिथं ते पिल्लू होतं, तोवर चांगली मोठी शेळी झालेलं. तिला वारं लागू नये म्हणून त्यांनी आपली शाल तिच्यावर टाकली आणि तिला टेकून बसले.