पाना दिगूच्याच हातात

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सदर बाजारात समोसे बांधून घेत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. दुपारी जेवून, पेपर तोंडावर घेऊन दिगू झोपला तो उठलाच नाही. ना दवाखाना, ना नळ्या, ना कोणाला त्रास. हातात पुडा तसाच, आणि मनात पहिलं काय आलं असेल तर हेवा. मरणसुद्धा याला असं झकास मिळावं! रडू नंतर आलं, ऑटोत, आणि मग काही थांबेना...

दिगू म्हणजे दिगंबर, माझा शाळेपासूनचा मित्र. नेपियर टाउनात आमची घरं एकाच गल्लीत. त्याच्या दारातली ती जुनी क्रीम रंगाची गाडी आधी मी पाहिली होती, हे इथं लिहूनच ठेवतो. सदरमधले एक कर्नलसाहेब निवृत्त होऊन गावी चालले होते, गाडी विकायची होती. मी म्हटलं, घरी विचारून येतो. माझं विचारून होईस्तोवर दिगू ती घेऊन माझ्याच दारात हॉर्न वाजवत उभा! "काहून बे वसंता, तू विचारूनच राहिला का?" वर हे. पुढे मी नव्या कोऱ्या गाड्या घेतल्या, पण सिग्नलला पोरं काच खाली करून म्हणायची ती त्यालाच, "अंकल, क्या गाडी रखी है!" माझ्या गाडीकडे कुत्रं बघत नसे.

गाडीचं काम तो स्वतः करायचा आणि मला बोलवायचा. काम काय, तर नट कसताना चाक फिरू नये म्हणून आत बसून ब्रेक दाबायचा. पाना मागितला की म्हणायचा, "तू बैस ना बे. तुझा पाय मस्त जड आहे."

या थंडीत त्याला रुंद चाकांचं वेड लागलं. आणली, पण ती मध्ये जाड, आणि चाक ज्यांवर चढवून नट कसतात ते जुने स्टड आखूड पडले. नटाला जेमतेम दोन-तीन आट्यांची पकड. मी म्हटलं, "चालते ना." तो भडकला. "बरगी धरणाच्या रस्त्यावर चाक पुढे अन् आपण मागे, असं पाहिजे का तुले?" मग लांब स्टड आणले. जुने हातोडीनं ठोकून पाडले, नवे मागून घातले, वॉशर चढवून नट फिरवत एकेक ओढून बसवला. शीळ घालत. स्टड पुरता बसला की नट अडायचा आणि दिगूचा चेहरा असा खुलायचा... मला त्या चेहऱ्याचाही हेवा वाटायचा. माझ्या आयुष्यात काही इतकं नेमकं जागेवर बसलेलं मला आठवत नाही.

"नवे स्टड आहेत," तो म्हणाला. "थोडी चालली का नट ढिले होते. परत कसावं लागते."

मी संधी साधली. "ते मी कसीन."

पाना पुसत तो म्हणाला, "चल, दिलं. तेवढं तुझं."

बरगीला जाऊन आलो, भजी खाल्ली. परतलो तर अंधार पडायला आला होता. "उद्या कस," म्हणाला. त्या उद्याच्याच दुपारी तो गेला.

तेरावं झालं. वहिनी आता गाडी स्वतः काढणार आहेत, असं कळलं. नट तर ढिलेच! सकाळीच बाह्या सरसावून निघालो. मला दिलेलं काम होतं ते, माझं. फाटकातून पाहतो तर वहिनी चाकापाशी बसलेल्या, पदर खोचलेला, हातात पाना. समोरासमोरचे नट कसत होत्या, अगदी त्याच्यासारखे. वर शीळ!

"वहिनी, हे तुम्हाला कोणी..."

"यांनीच. तुम्ही घरी गेले का मागची चाकं माझी असायची."

तेवढं तुझं, म्हणे! भांडावं तर कोणाशी? "एक चाक तरी मला द्या," मी म्हटलं. आवाज लहान पोरासारखा निघाला.

वहिनींनी हात थांबवले. "खरं सांगू? मले तुमचा फार राग यायचा, भाऊजी. मी ब्रेकवर बसले का हे म्हणायचे, असा नाही, वसंता धरते तसा धर. कितीही जोर लावला तरी तेच..." डोळे पुसून त्यांनी पाना माझ्यापुढे केला. "घ्या."

मी पाना घेतला नाही. दार उघडून आत बसलो, पाय ठेवला आणि ब्रेक जीव खाऊन दाबला.