सांगणारा कोणाचा कोण

सुतक संपवणाऱ्या गंधमुक्तीच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, माझ्याच घरात, माझ्यासमोर असं ठरलं की माझ्या नवऱ्याला डायलिसिसने मारलं.

कोणा एकाने ठरवलं नाही. सतरंजीवर बसलेल्यांनी मिळून ठरवलं. नवऱ्याची आत्या पहूरहून आली होती. तोंडाला पदर लावून ती म्हणाली, "रगत खाई टाकं त्या मशीननं मन्हा पोऱ्यानं." कोणी मान हलवली, कोणी चुकचुकलं. ज्या मशीनमुळे ते मुलीच्या लग्नात स्वतःच्या पायांवर उभे राहिले, ज्या मशीनमुळे आम्हाला आणखी काही उन्हाळे एका घरात मिळाले, त्याच्यावर खुनाचा आळ. नुकत्याच विधवा झालेल्या बाईने अशा वेळी ऐकायचं असतं. मी ऐकत होते आणि आतून जळत होते.

माझा धाकटा दीर भिंतीला टेकून बसला होता. धुळ्यात त्याचं पंपाच्या जळालेल्या मोटारींना हाताने नवी तार भरून देण्याचं, रिवाइंडिंगचं दुकान आहे. या घराण्यात किडनीचा आजार रक्तातून येतो, तो त्यालाही आला. डॉक्टरांनी येत्या सोमवारी हाताच्या शिरेची छोटी शस्त्रक्रिया ठरवली होती. ती झाली की पुढे डायलिसिस लावता येतं, मात्र तो हात मग कायम जपावा लागतो.

तो म्हणाला, "वहिनी, सोमवारले मी नही जावाव."

आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. 'डायलिसिस न करता किडनी बरी करा' असं त्याने शोधलं होतं. पहिल्याच ओळीत एका काढ्याचं नाव. खाली पानंच्या पानं, सगळीकडे तोच काढा. गुजरातच्या बाजूला कुठेतरी तो मिळतो, आणि घ्यायला लागलं की दवाखाना बंद करायचा, ही काढा देणाऱ्यांची अट.

"बठ्ठा एकच सांगतस," दीर म्हणाला. "इतला लोके खोटं बोलतीन का?"

शेजारी बसलेला, बँकेत नोकरीला असलेला त्याचा चुलतभाऊ शहाण्यासारखा म्हणाला, "वहिनी, जे खरं असतं तेच वर येतं. कॉम्प्युटर काय लबाडी करतो?"

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. पुस्तक कुठल्या कपाटात ठेवायचं यावरून मी प्राध्यापकांशी भांडले आहे. स्वयंपाकाचं पुस्तक वैद्यकाच्या कपाटात कोणी ठेवलं तर मला झोप लागत नसे. आणि इथे कोट्यवधी माणसांच्या हातात असं कपाट दिलं आहे, ज्यात पुढची जागा विकत मिळते. काढ्याच्या नावाच्या वर 'जाहिरात' असं लिहिलं होतं, पण इतक्या फिक्या आणि बारीक अक्षरात की ते कोणी वाचू नये अशीच इच्छा दिसत होती. मरणाच्या भीतीने शोधणाऱ्या माणसासमोर सगळ्यात आधी दुकानदार उभा करायचा! याला शोधणं म्हणतात? एका ओळीत विक्रेता, बातमीदार, डॉक्टर, रोगी आणि थापाड्या, सगळ्यांना एकसारखे कपडे घालून उभं केलेलं. कोण कोण आहे ते ज्याचं त्याने ओळखावं.

संध्याकाळी पाहुणे गेले. दीर मुक्कामाला राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने तो धुळ्याला जाणार होता, आणि तिथून त्या काढ्याच्या गावी.

सकाळी चहा झाल्यावर मी कॉम्प्युटर सुरू केला आणि त्याला शेजारी बसवलं. ग्रंथालयात कार्डांची पद्धत बंद झाली तेव्हा कोरी कार्डं रद्दीत चालली होती, ती मी घरी आणली होती. त्यांचा गठ्ठा काढला.

"हाई काय?" तो म्हणाला.

"चौकशी करायची आहे. तुझे भाऊ करायचे तशी."

हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. नात्यात कुठल्याही मुलीला स्थळ आलं की मुलाच्या गावी चौकशीला माझ्या नवऱ्याला पाठवत, आणि मोटारसायकलवर मागे हा असे. ते स्टँडवर चहा घ्यायचे, किराणा दुकानात सुपारी मागायचे, पारावर बसायचे. परत आल्यावर मुलगा चांगला की वाईट हे आधी सांगत नसत. आधी सांगत, कोण बोललं आणि तो मुलाचा कोण लागतो. एकदा तिघांनी मुलाची तोंडभरून स्तुती केली होती. ते घरी येऊन म्हणाले, "तिघंही मुलाच्या मामाकडे कामाला आहेत. एकानेच सांगितलं असं धरा."

मी दिराला म्हटलं, "डायलिसिस न करता बरी करा, असं विचारणं म्हणजे मुलाच्या मामालाच मुलगा कसा आहे ते विचारणं. आधी प्रश्न बदलू."

'किडनी निकामी झाल्यावर काय करतात' एवढंच मी टाइप केलं. मग त्याने शोधलेली पानं आणि ही नवी पानं, दोन्ही उघडून पाहू लागलो. एका पानाला एक कार्ड. मी विचारायचे, "सांगणारा कोण? त्याला काय मिळतं?" तो शोधून सांगायचा, मी लिहायचे आणि कार्ड सतरंजीवर ठेवायचे.

काढ्याची पानं संपेनात. वेगवेगळी नावं, वेगवेगळे फोटो, एकीकडे डॉक्टर म्हणून तर एकीकडे बाबा म्हणून तोच गृहस्थ. दीर प्रत्येक पानाच्या तळाशी जात होता. एकाएकी थांबला, मागची पानं पुन्हा उघडून पाहिली.

"वहिनी, हाऊ फोन नंबर बठ्ठास्ना एकच शे."

ती सगळी कार्डं मी एकावर एक ठेवली आणि वर रबर लावलं. तो त्या जाड गठ्ठ्याकडे पाहत राहिला. "मायबहीन, हाई ते एकच घर निंघनं," तो म्हणाला, आणि पुढची शिवी वहिनीसमोर गिळली.

पण तो एवढ्याने वळला नाही. "तुम्हले ते मशीनच पटाडनं शे ना मले," तो म्हणाला. त्याचा संशय चुकीचा नव्हता. चौकशीला गेलेल्या माणसालाही कुठलं तरी स्थळ आवडलेलं असू शकतं.

पुढचं पान एका मोठ्या खासगी दवाखान्याचं होतं. हसरी नर्स, चकचकीत यंत्रं, आजच नाव नोंदवा. मी कार्ड लिहिलं आणि रबर लावलेल्या गठ्ठ्याशेजारी, विकणाऱ्यांतच ठेवलं.

"दवाखाना बी यामांच?"

"तोही विकतोच आहे. खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. पण त्याचं बोलणं विकणाऱ्याचं म्हणून ऐकायचं."

तेव्हा तो सरकून नीट बसला.

ज्यांना काही मिळायचं नव्हतं असे थोडेच निघाले. एका सरकारी रुग्णालयाचं रूक्ष पान, फार मागे लपलेलं. काही रोग्यांनी स्वतः लिहिलेलं. एक जण डायलिसिसला डबा घेऊन जातो आणि उरलेले दिवस शिकवण्या घेतो. एकाने काढा घेतला आणि शेवटी बेशुद्ध अवस्थेत त्याला त्याच मशीनवर आणलं. एका बाईने, डायलिसिस चालू असूनही नवरा गेल्यानंतर, लिहिलं होतं. ते कार्ड मी लपवलं नाही.

त्याने ते पान पूर्ण वाचलं. मग विचारलं, "भाऊले काय वाटे? मशीनवर?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ज्यांनी काल निकाल दिला त्यांच्यापैकी एकानेही नाही. मी सांगितलं. थंडी वाजायची, पाय वळायचे. तिथून आले की झोपून राहायचे, चिडायचे. दुसऱ्या दिवशी वांग्याचं भरीत मागायचे आणि मी मीठ कमी घातलं म्हणून भांडायचे. शेवटी हृदय थांबलं. शरीर आधीच थकलेलं होतं. मशीन नसतं तर ही भांडणंही झाली नसती.

त्याने सगळी कार्डं पुन्हा एकेक उचलून वाचली. दुपारची गाडी निघून गेली असावी, आम्ही दोघांनीही घड्याळ पाहिलं नाही. मग त्याने खिशातून दवाखान्याचा कागद काढला, नंबर लावला, आणि पलीकडून बाईचा आवाज येताच त्याची बोली एकदम शाळेतली झाली.

"मॅडम, सोमवारी माझं हाताचं ऑपरेशन आहे. मी डावखुरा आहे. वाइंडिंगचं काम करतो. तुम्ही कोणत्या हाताला करणार, ते आधी सांगा."