स्नॅप भिंतीला चिकटला

सकाळी जिन्याचा नकाशा काढायला बसले आणि सवयीने आधी एक माप तपासलं: कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून हद्दीपर्यंत. तिथे शून्य यायला हवं होतं. नऊ इंच आलं. पुन्हा मोजलं. पुन्हा नऊ इंच, आणि तेही हद्दीच्या पलीकडे.

घर माझ्या धाकट्या जावेचं, राळेगावला. यवतमाळला घरातल्याच एका खोलीत बसून मी कॅडवर घरांचे नकाशे काढते. हा नकाशा मिस्त्रीच्या हातात पडून आठवडा झाला होता, आणि आज पायाचे खड्डे काँक्रीटने भरायचे होते.

कॅडमध्ये स्नॅप नावाची सोय असते. रेष काढताना कर्सर जवळ नेला की तो आपोआप कोपऱ्याला, छेदाला, रेषेला जाऊन चिकटतो. कशाला चिकटायचं ते आपण ठरवायचं. आमच्याकडच्या क्लासमध्ये शिकवतात, सगळ्यांपुढे टिक मारून ठेवा, काही सुटत नाही. मी उलट करते. कोपरा आणि छेद चालू, बाकी सगळं बंद, कर्सर किती अंतरावरून चिकटेल ते ठरवणारा पकडीचा चौकोन लहान. नवा कॉम्प्युटर बसवून देणाऱ्याने क्लासच्या पद्धतीने सगळं चालू करून दिलं, चौकोनही मोठा. नव्या मशीनवर काय तपासायचं याची माझी यादी होती. प्रिंटर, फॉन्ट, बॅकअप. स्नॅप तीत नव्हता. जुन्या मशीनवर त्याला वर्षानुवर्षं हात लावायची वेळच आली नव्हती.

या नकाशात दोन रेषा अगदी जवळजवळ होत्या. एक मोजणीत ठरलेली हद्द. दुसरी शेजारच्या काकाजींची भिंत, हद्दीपासून नऊ इंच त्यांच्या बाजूला. मधली पट्टी त्यांनी वळचणीच्या पाण्यासाठी सोडली आहे. पूर्ण प्लॉट स्क्रीनवर असला की दोन्ही मिळून एकच रेष दिसते. कर्सर चिकटल्याची खूण दिसली, मी पुढे गेले. तो भिंतीला चिकटला होता.

त्या पट्टीवरून दोन घरांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. शेवटी मोजणी झाली, दगड रोवले, तेव्हा मिटलं. पायाच्या पूजेला काकाजी आले होते. प्रसादाचा पेढा हातात घेऊन जावेला म्हणाले, "पट्टीत खिळाबी ठोकला ना सूनबाई, तर आपण कोर्टातच भेटू." मग पेढा खाल्ला.

जावेला फोन लावला. उचलला नाही. मिस्त्रीचा नंबर माझ्याकडे नव्हता. काँक्रीटच्या मिक्सरच्या आवाजात ऐकू येत नसेल, असं स्वतःला सांगितलं. टेप, नकाशा, पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि बसस्टँड गाठलं. बस कळंबला बराच वेळ उभी राहिली. ड्रायव्हर चहा पीत होता. ओलं काँक्रीट फावड्याने निघतं, एकदा आवळून घट्ट झालं की नाही. खड्डे भरायला कुठून सुरुवात केली असेल? पट्टीच्या बाजूने नको, एवढंच मनात चाललं होतं.

पट्टीच्याच बाजूने केली होती. कोपऱ्यातला एक खड्डा भरून झाला होता, दुसऱ्याकडे घमेली निघाली होती. काकाजी आपल्या भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. मी मिस्त्रीला हाताने थांबवलं आणि जावेला बाजूला घेऊन सांगितलं.

तिने काकाजींच्या खुर्चीकडे एक नजर टाकली. मग अगदी हळू म्हणाली, "ताई, आता काही बोलू नका. ते दुपारी जेवाले जातीन. तवा काढून घेऊ."

"तोपर्यंत आवळेल ते."

"मग काय त्याइले सांगू? घरावर बोलावून घेऊ कोर्ट?"

मिक्सर थांबलेला पाहून काकाजी स्वतःच उठून आले. "काहून थांबले?"

मी सांगितलं. नकाशा चुकला, कॉलम तुमच्या पट्टीत येतोय, आत्ता काढतो. त्यांनी मोजणीच्या दगडापासून दोरी धरायला लावली. दोरीपलीकडचं ओलं काँक्रीट पाहिलं. खिशातून मोबाइल काढला, दोन बाजूंनी फोटो घेतले.

"काढू नका," ते म्हणाले. "राहू द्या तसंच. मोजणीवाले येऊन पाहतीन."

मोजणीवाले कधी येणार, कोण जाणे. मिस्त्री फावडं टेकवून उभा राहिला. ऊन चढत होतं, आणि प्रत्येक मिनिटाला तो खड्डा आमच्या हातातून जात होता.

जाऊ पुढे झाली. पदर खोचला. "काकाजी, आता काढलं तर फावड्यानं निघते. मंग फोडाले ब्रेकर लावा लागन. तो तुमच्या भिंतीखालीच चालन. भिंत विटा-मातीची हाय. तुमचीच हाय, तुमी पाहा."

काकाजींनी भिंतीकडे पाहिलं. पोपडे सुटलेल्या जागी हात ठेवला.

"काढा," म्हणाले. "पण फोटो माह्यापाशी राहीन."

सगळं निघेपर्यंत ते हलले नाहीत. खड्डे सरकवून मिस्त्रीने नव्याने दोरी मारली, तेव्हा दगडापासूनचं माप त्यांनी स्वतः टेप धरून पाहिलं. जावेने चहा आणला, तो घेतला नाही. "स्लॅबच्या वक्तीबी बोलवा," एवढं म्हणून घरात गेले.

"आता काय करतीन हो ते?" जावेने विचारलं. मला माहीत नव्हतं, तसंच सांगितलं. ती थंड झालेला चहा परत घेऊन गेली.

संध्याकाळी घरी येऊन स्नॅपचा रकाना उघडला. कोपरा आणि छेद ठेवून एकेक टिक काढली, चौकोन लहान केला. मग नवा कॉम्प्युटर आल्यापासून कोणाकोणाचे नकाशे दिलेत ते कागदावर उतरवायला घेतलं. दुसरं नाव लिहिताना हात थांबला. नेरचं घर, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. त्यांचा तर स्लॅबही टाकून झाला होता.

मी त्यांचा नंबर लावला. बराच वेळ रिंग जात होती.