विसाव्या खुंटाची दोरी

हल्ली या खेळाला येणारी मंडळी पाहिली की मला हसू येतं. बंदुकीवर हातभर दुर्बीण, अंगात खास शिवलेलं जाकीट, बुडाखाली उशी. आम्ही सुरुवात केली तेव्हा बुडाखाली खताची रिकामी गोणी असायची, आणि तीही मिळाली तर नशीब. ब्याऐंशी साल, ससेक्समधलं पिटलँड्सचं रान, रविवारची सकाळ, आणि छऱ्याच्या बंदुका घेऊन ओल्या गवतात पालथे पडलेले तीसेक वेडे. मी त्यांची गुणपत्रकं सांभाळायची आणि चहाचं पिंप. नेमही बरा होता माझा. रॉय बोनिफेसपेक्षा तर नक्कीच बरा, पण हे त्याच्यासमोर बोलायची सोय नव्हती. तो पंच होता आणि शिट्टी त्याच्या गळ्यात होती.

निशाणं करायचा जेसी एकहर्स्ट. विटांच्या कारखान्यात फिटर होता तो. साठीला टेकलेला, उंच, थोडा वाकलेला, बोलायला कंजूस. भंगारातला जाड पत्रा कापून तो कावळे, उंदीर, ससे करायचा आणि पिवळ्या रंगात रंगवायचा. प्रत्येकाच्या छातीत रुपयाएवढं भोक, आणि भोकामागे एक टिकली. छर्रा भोकातून जाऊन टिकलीवर बसला, तरच निशाण टणकन मागे पडणार. जरा इकडेतिकडे लागला तर पत्रा नुसता वाजायचा आणि कावळा तुमच्याकडे बघत तसाच उभा. निशाण पडलं, की ज्यानं पाडलं त्यानंच, नेम धरायच्या जागी ठोकलेल्या खुंटाला बांधलेली दोरी ओढून ते पुढच्यासाठी उभं करायचं. दोरी न ओढता जाणाऱ्याला माझ्याकडे चहा नव्हता.

अंतर कोणाला सांगायचं नाही, ही खेळाची सगळी गंमत. कावळा वीस यार्डांवर आहे की पस्तीस, हे डोळ्यांनीच ताडायचं. म्हणून ज्यानं निशाणं मांडली त्यानं त्या दिवशी खेळायचं नाही, आणि जो खेळणार त्यानं मांडणी चालू असताना रानाच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. हा नियम जेसीनंच घातला होता. आणि मांडणीही नेहमी तोच करायचा, त्यामुळे अख्ख्या ससेक्समध्ये सर्वांत चांगला नेम असलेला माणूस आमच्या मोठ्या स्पर्धेत कधी खेळलाच नव्हता.

हे खुपायचं ते लेन फनेलला. लेन बस चालवायचा. गोल चेहऱ्याचा, बडबड्या, आणि नेमाच्या बाबतीत अगदीच यथातथा. घोडा ओढताना हात हिसकायचा त्याचा, त्यामुळे छर्रा हमखास खाली डावीकडे. जेसी वीस वर्षं, हा खेळ सुरू व्हायच्याही आधीपासून, त्याला तेच सांगत आला होता.

"अरे, घोडा दाबायचा असतो. बसची घंटा वाजवल्यासारखा ओढतोस काय?"

"तुझ्यासारखं दाबत बसलो तर कावळा म्हातारा होऊन मरेल, जेस."

त्या वर्षी लेननं सगळ्यांदेखत जाहीर केलं, "यंदा मांडणी मी करणार. वीसच्या वीस खुंट. आणि हा लंबू खेळणार. बघतोच कसा पाडतो ते!"

जेसीचे कान लाल झाले. आनंद झाला की त्याचे कान लाल व्हायचे.

स्पर्धा मे महिन्यातल्या एका रविवारी, आणि त्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी लेन शेवटचे खुंट ठोकायला रानात गेला. बंदूक बरोबर होती, कारण प्रत्येक निशाण मारून बघावं लागतं. जेसी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला आणि नियमाप्रमाणे तिथेच थांबला. थर्मासमध्ये चहा, दोन कप, आणि माझ्या हातचा ब्रेड पुडिंगचा तुकडा. आतून हातोड्याचे ठोके येत होते, मग ते थांबले. थोड्या वेळानं निशाणाचा आवाज आला. टण्. जरा थांबून, टण्. आणि बऱ्याच वेळानं तिसऱ्यांदा, हलकासा.

जेसीला वाटलं, मारून बघतोय. छऱ्याच्या बंदुकीचा बार तेवढ्या लांबून ऐकू येत नाही, फक्त पत्रा ऐकू येतो.

तो दोन तास फाटकाशी उभा राहिला. चहा गार झाला. अंधारून येण्याआधी लेन यायला हवा होता. शेवटी नियम मोडून जेसी आत गेला तेव्हा लेन विसाव्या खुंटापाशी कुशीवर पडला होता, बंदूक बाजूला, आणि दोरी उजव्या हाताच्या बोटांना दोन वेढे घेतलेली. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका. लगेच गेला की वेळानं, ते त्यांना सांगता आलं नाही.

आम्ही स्पर्धा जूनमध्ये घेतली, एकोणीस खुंटांवर. विसाव्या खुंटावर, जिथे लेन पडला होता, तिथे पालथं पडायची कोणाची छाती नव्हती. जेसी आलाच नाही. म्हणजे आला, पण फाटकापर्यंत. थर्मास आणि दोन कप घेऊन तिथेच उभा राहिला.

त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. स्पर्धा संपली, रॉयनं लांब शिट्टी मारली, सगळ्यांनी बंदुका मोकळ्या करून खाली ठेवल्या, आणि रानाच्या पार टोकाकडून आलं, टण्. मग टण्. मग हलकं, टण्.

"कोण आहे रे तिकडे? शिट्टी ऐकू येत नाही का?" रॉय ओरडला.

मी पत्रकं मोजली. तीसच्या तीस जण माझ्यासमोर उभे होते. कोणीतरी म्हणालं, खार असेल. आम्ही हसलो.

पुढच्या रविवारी शिट्टीनंतर पुन्हा तीन. त्याच्या पुढच्या रविवारीही. आता खारीचं नाव कोणी घेईना. शिट्टीची वेळ झाली की माणसं उगाच मोठ्यानं बोलायला लागायची, आणि तरी मधल्या फटीतून ते ऐकू यायचंच. ऑगस्टमध्ये रॉय वैतागला. "वाऱ्यानं विसाव्याची दोरी हलतेय, दुसरं काय! सोडून टाकतो." तो ताठ मानेनं गेला. मी मागून, वीसेक पावलांवर. त्यानं गाठ सोडली आणि दोरीचं टोक हातात धरून तो गुंडाळी करायला लागला, तेवढ्यात दोरी त्याच्या मुठीतून सरकत नेच्यांच्या दाटीत निघून गेली. झटका नाही, घाई नाही. कोणी पलीकडून ओढून घ्यावी तशी. रॉय आपल्या तळहाताकडे बघत राहिला. त्यानंतर तो या विषयावर एक शब्द बोलला नाही, आणि रॉय गप्प बसला याचीच मला जास्त भीती वाटली.

आवाज थांबला नाही.

जेसी रोडावत चालला होता. नवीन निशाण केलं नाही, बंदूक भिंतीवरून काढली नाही. रविवारी फाटकाशी उभं राहायचं, तीन ठोके ऐकायचे आणि घरी जायचं. ऑक्टोबरमध्ये मी त्याला फैलावर घेतलं.

"हे काय चालवलंयस? लेननं बघितलं असतं तर लाथ घातली असती तुला."

त्यानं थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं. मग म्हणाला, "एव्हरिल, तो निशाण मारून बघत नव्हता."

"मग?"

"दोरीला हिसका दिला तरी पत्रा चौकटीवर आपटून तसाच वाजतो. मीच केलंय ना ते. तो पडला होता आणि मला हाक मारत होता. तीनदा. आणि मी इथे उभा राहून पुडिंग खात होतो. नियम पाळत होतो."

मीच दिलं होतं ते पुडिंग.

"ते कळायला एकच मार्ग आहे," तो म्हणाला. "टिकलीवर कोरा रंग होता, लेननं सकाळीच लावलेला. तिच्यावर छऱ्याचे डाग असले तर तो मारून बघत होता, मजेत होता. कोरी असली तर हाक होती. मला जाऊन बघायची हिंमत होत नाही, पोरी. आणि बघितल्याशिवाय झोप येत नाही."

निशाण झाकणारे नेचे वाळून आडवे व्हायला नोव्हेंबर उजाडला. आधी आपण बघावं, मग त्याला न्यावं, असं ठरवून मी एका शनिवारी सकाळी एकटीच गेले. धुकं होतं. चेस्टनटची पानं पायाखाली ओलीचिंब. दोरी जमिनीवर पडलेली दिसली, तिच्या मागे मागे गेले. बत्तीस पावलांवर एका बुंध्यावर लेननं बसवलेला कावळा उभा होता. मी खाली बसून भोकातून बघितलं, मग मागे जाऊन टिकलीवरून बोट फिरवलं. पिवळा रंग, गुळगुळीत, एकही ओरखडा नाही. कोरी.

म्हणजे हाक होती.

मी तिथेच पानांवर बसले आणि रडले. लेनसाठी कमी, जेसीसाठी जास्त. त्या दोन तासांसाठी, त्या दोन कपांसाठी. मग उठले, कारण रडून माझं कधी काही झालेलं नाही, आणि ठरवलं. उद्या सकाळी जेसीला इथे बोलवायचं, पण त्याच्या आधी बंदूक घेऊन यायचं, विसाव्या खुंटावर पडायचं आणि तीन छर्रे टिकलीवर घालायचे. खाली डावीकडे. खोटं तर खोटं. देवानं विचारलं तर मी बघून घेईन.

रविवारी उजाडताच कोटाच्या खिशात मोजून तीन छर्रे टाकून मी निघाले. धुकं कालच्यापेक्षा दाट. विसाव्या खुंटाशी पोचले तर दोरी खुंटाला बांधलेली होती. रॉयची गाठ मला ठाऊक आहे, ढिसाळ असते. ही बस ड्रायव्हरची गाठ होती, सामान बांधतात तशी, दुहेरी. पळून जावं असं अगदी मनापासून वाटलं. पण फाटकाचा आवाज आला, जेसीची पावलं ऐकू आली. तो आज लवकर आला होता. आता बंदूक चालवायला वेळच नव्हता.

"एव्हरिल? तू आधीच इथे?"

"जेस, तू थांब तिथे. मी बघून येते."

"नको. नियम बियम पुरे झाले. मीच बघतो."

तो माझ्या पुढून गेला. तो कावळ्यापाशी गुडघ्यावर टेकला, चष्मा लावला, आणि कितीतरी वेळ हललाच नाही.

मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, संपलं सगळं.

"गाढव!" तो म्हणाला. तो हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "खाली डावीकडे! तिन्ही! मरेपर्यंत सुधारला नाही गाढव!"

मी वाकून बघितलं. टिकलीवर खाली डावीकडे तीन करडे डाग होते, रंग उडालेले. प्रत्येकाच्या कडेला गंज चढला होता, तांबूस, अख्ख्या उन्हाळ्याचा पाऊस खाल्लेला. एका रात्रीत असा गंज चढत नाही. जेसीनं अंगठ्यानं तो खरवडला आणि मला दाखवला.

"मे महिन्यातला आहे हा. बघ. मजेत होता तो, एव्हरिल. मारून बघत होता."

"हो," मी म्हणाले. "मजेत होता." माझे दात वाजत होते. थंडीनं, असं मी त्याला सांगितलं.

त्या दिवशी जेसी घरी जाऊन बंदूक घेऊन आला आणि वीसच्या वीस खुंट खेळला. एकही चुकला नाही. विसाव्याला कावळा पडल्यावर त्यानं दोरी ओढून तो उभा केला, टोपीला हात लावला आणि मागे फिरला. रॉयनं शिट्टी मारली. आम्ही सगळे श्वास धरून उभे राहिलो. रानातून काहीच आलं नाही. पुढे कधीच आलं नाही. जेसी त्यानंतर अकरा वर्षं जगला, दरवर्षी खेळला, आणि झोपही लागायची त्याला.

ते तीन छर्रे अजून माझ्याकडे आहेत, न वापरलेले. जेसीला मी शेवटपर्यंत काही बोलले नाही. शनिवारी टिकली कोरी होती, हे माझ्या बोटाला पक्कं ठाऊक आहे. लेननं हाक मारली होती, जेसीला ती कळली नव्हती. आणि माझ्या आधी येऊन ते खोटं लेननं स्वतःच बोलून ठेवलं होतं.